कोवळ्या चेहऱ्यांचा बाजार

मुलीला दहावे-अकरावे वर्ष लागले की घरातील मंडळी तिच्या चेहऱ्याकडे नव्या नजरेने पाहू लागतात. कपाळावर दोन-चार बारीक पुळ्या उठतात, नाकाच्या कडा तेलकट दिसू लागतात, शाळेतली एखादी मैत्रीण काहीतरी बोलून जाते आणि मग 'हिला आता काय लावावे?' हा प्रश्न घरात उपस्थित होतो. पूर्वी त्याचे उत्तर आजी किंवा शेजारीण देत असे. आज ते देण्यासाठी एक अवाढव्य उद्योग हात जोडून उभा आहे, आणि आईबापांनी विचारण्याची वाटही न पाहता तो थेट त्या मुलीशीच बोलतो आहे. प्रश्न वरकरणी घरगुती, किंबहुना क्षुल्लक वाटेल. राजकीय-सामाजिक प्रश्नांची चर्चा करणाऱ्या वाचकाने साबण आणि मलमांत लक्ष का घालावे, असेही कोणी विचारील. परंतु बाजार माणसाची गरज भागवण्याआधी ती गरज कशी निर्माण करतो, याचे इतके उघडे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आणि येथील ग्राहक आहे ते मूल, ज्याला मत नाही, मिळकत नाही आणि विक्रेत्याचा हेतू ओळखण्याइतका अनुभवही नाही.

प्रथम शरीरशास्त्र काय सांगते ते पाहावे. वयात येण्याची प्रक्रिया मुलींमध्ये साधारणतः ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वर्षांच्या दरम्यान सुरू होते. या काळात अँड्रोजेन वर्गातील संप्रेरकांचे प्रमाण वाढते, त्वचेतील तैलग्रंथी मोठ्या होतात आणि अधिक तेल स्रवू लागतात. हे तेल आणि त्वचेच्या मृत पेशी यांनी रंध्रे तुंबली की पांढरे-काळे ठिपके दिसतात. त्वचेवर एरवीही वस्तीला असणारे जंतू त्यात वाढले की पुळ्या लाल होऊन दुखू लागतात. तारुण्यपिटिका म्हणतात त्या याच. किशोरवयातील बहुसंख्य मुलामुलींना त्या कमी-अधिक प्रमाणात येतात. त्यांचा संबंध अस्वच्छतेशी नाही, मुलीच्या वागण्याशी नाही, आणि तिच्या रंगाशी तर मुळीच नाही. उंची वाढावी, आवाज फुटावा, तशीच ही एक घटना आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी हे एवढे जरी मुलीला शांतपणे समजावून दिले, तरी बाजाराचे निम्मे भांडवल तेथेच बुडते. कारण हा सारा व्यापार भयावर आणि लाजेवर उभा आहे.

मग या वयात त्वचेची निगा राखायचीच नाही काय? अवश्य राखायची, परंतु ती इतकी साधी आहे की तिच्यातून कोणाचाही फारसा नफा होऊ नये. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी सौम्य साबणाने किंवा साध्या फेसवॉशने चेहरा बोटांच्या टोकांनी हलकेच धुवावा, खेळून घाम आला असेल तर आणखी एकदा. खरखरीत कापडाने वा दाणेदार लेपाने घासू नये. स्वच्छ, मऊ पंचाने पाणी टिपून घ्यावे. त्वचा कोरडी पडत असेल, विशेषतः थंडीत, तर सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर पुरते. भर दुपारी मैदानावर खेळायचे असेल तर टोपी आणि सावली या दोन गोष्टी पहिल्या. त्यांच्या जोडीला परवडत असेल तर ३० एसपीएफचे साधे सनस्क्रीन. डोक्याचे तेल कपाळावर उतरू देऊ नये, कारण ज्या पुळ्यांवर घरोघर उपाय शोधले जातात त्यांतील कित्येक त्या तेलाच्याच असतात. उशीचा अभ्रा वरचेवर धुवावा आणि पुळी फोडू नये, कारण तिचा डाग पुळीपेक्षा अधिक काळ टिकतो. एवढेच. या साऱ्याला दिवसाची पाच मिनिटेही लागत नाहीत. आईने किंवा वडिलांनी आठवडाभर शेजारी उभे राहून ते दाखवावे आणि मग मुलीचे काम मुलीवर सोपवावे. घरात त्याच वयाचा मुलगा असेल तर त्यालाही हेच शिकवावे. तैलग्रंथी मुलगा-मुलगी असा भेद करीत नाहीत.

एवढ्यावर पुळ्या आवरल्या नाहीत तर औषधाच्या दुकानात २.५ टक्के शक्तीचे बेंझॉइल पेरॉक्साइड मिळते. ते थोडे थोडे लावावे, कपड्यांचा रंग उडवते म्हणून जुना पंचा वापरावा आणि परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात हे आधीच सांगून ठेवावे. पुळ्या खोल असतील, दुखत असतील, खड्डे पाडीत असतील किंवा फारच लहान वयात आल्या असतील, तर चर्मरोगतज्ज्ञाकडे जावे. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांचा उपयोग अशाच कामासाठी आहे. तेथे डॉक्टरने एखादे 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेले मलम लिहून दिले तर ते औषध होय. त्याची मात्रा, मुदत आणि देखरेख ठरलेली असते. त्याच कुळातील द्रव्य रंगीत बाटलीत भरून अकरा वर्षांच्या मुलीला 'रोजची सवय' म्हणून विकणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे.

आता बाजारातील नित्यक्रम पाहावा. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते १८ या वयोगटातील मुलींनी टिकटॉकवर टाकलेल्या त्वचानिगेच्या १०० चित्रफितींचा अभ्यास केला आणि तो 'पीडिअॅट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. एका नित्यक्रमात सरासरी सहा प्रसाधने होती, आणि त्यांचा सरासरी मासिक खर्च १६८ डॉलर होता. दिवसा वापरायच्या नित्यक्रमांपैकी जेमतेम २६ टक्क्यांत सनस्क्रीनचा समावेश होता. अर्थात जे एक प्रसाधन त्या वयात खरोखर उपयोगी पडू शकले असते तेच बहुतेकींच्या यादीत नव्हते; आणि ज्यांचा उपयोग नाही, अपाय मात्र संभवतो, अशा द्रव्यांची रेलचेल होती. हिंदुस्थानात टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली. परंतु तशाच चित्रफिती इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरून पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर परभणी-सांगलीच्या घरांतही पोहोचतात. १६८ डॉलरांचा संच परवडत नाही तेथे त्याच नावांच्या देशी बाटल्या आणि नमुन्याच्या पुड्या आहेत. गरिबाच्या खिशाला शोभेल असा आकार करून देण्याचे तंत्र या देशातील व्यापाराने शाम्पूच्या पुडीपासूनच आत्मसात केलेले आहे.

जॉन केनेथ गॅल्ब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली 'द अॅफ्लुएंट सोसायटी' या ग्रंथात एक विचार मांडला होता. रूढ अर्थशास्त्र असे मानून चालते की माणसाच्या गरजा आधीपासून असतात आणि उत्पादन त्या भागवते. गॅल्ब्रेथचे म्हणणे असे की संपन्न समाजात उत्पादनाची यंत्रणाच जाहिरात आणि विक्रयकलेच्या द्वारे गरजा निर्माण करते, आणि मग त्या भागवल्याचे श्रेयही स्वतःकडे घेते. गॅल्ब्रेथसमोर प्रौढ ग्राहक होता. त्या प्रौढाचे कपाट भरले की नफ्याच्या गतीने चालणाऱ्या उद्योगाला नवा प्रदेश लागतो, आणि बालपण हा असा प्रदेश आहे. शिवाय त्यात एक दूरदृष्टीही आहे: ज्या मुलीला अकराव्या वर्षी आपला चेहरा दुरुस्तीस आला आहे असे पटवता येते, ती पुढची पन्नास वर्षे ग्राहक राहते. म्हातारपणाच्या सुरकुत्या लांबवण्यासाठी बनवलेले रेटिनॉल सुरकुत्यांचा संबंधच नसलेल्या चेहऱ्यासाठी विकले जाते, हा विनोद नसून हिशेब आहे.

या हिशेबाची किंमत त्वचा मोजते. रेटिनॉल आणि फळांच्या आम्लांच्या नावाने विकली जाणारी द्रव्ये त्वचेचा वरचा थर वेगाने झडवतात. कोवळ्या त्वचेत ही उलाढाल मुळातच जलद असते; वरून ती आणखी वाढवली की आग होते, साले निघतात आणि ऊन बाधू लागते. सुगंधी द्रव्यांपासून होणारी अॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर सोबत करते. दाहातून उठलेल्या चेहऱ्यावर, विशेषतः सावळ्या त्वचेवर, काळसर डाग राहतात. आणि मग ते डाग घालवण्याची निराळी बाटली असतेच. स्वीडनमधील अपोटेक यार्टाट या औषधदुकानांच्या साखळीने २०२४ साली अशी तीव्र प्रसाधने १५ वर्षांखालील मुलांना न विकण्याचा निर्णय घेतला. एका खाजगी विक्रेत्याला जी मर्यादा कळली ती आपल्याकडील नियंत्रकांना कळू नये, असे काही नाही.

परंतु या देशात या व्यापाराची मुळे अधिक खोल आणि अधिक विषारी आहेत. हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९७१ साली गोरेपणाच्या क्रीमचे एकस्व घेतले आणि १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले. पुढची चार दशके या क्रीमच्या जाहिरातींनी एकच गोष्ट नाना परींनी सांगितली: सावळ्या मुलीला नोकरी नाही, वर नाही, बापाच्या घरात किंमत नाही, ट्यूब वापरली की तिन्ही मिळतात. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, आवाज उठवला, तेव्हा २००३ साली अशा काही जाहिराती बंद झाल्या. २००५ साली इमामीने मुलग्यांसाठी 'फेअर अँड हँडसम' आणले आणि स्त्री-पुरुष समता या एका बाबतीत तरी प्रस्थापित झाली. २०२० साली, अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनानंतर, जुन्या क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' असे बदलले. गोरेपणा गेला, तेज आले. त्या क्रीममधील प्रमुख द्रव्य होते नियासिनामाइड, म्हणजे 'ब३' जीवनसत्त्वाचा एक प्रकार. आज मुलींच्या ओठांवर असलेल्या नव्या सीरमांच्या नावांत नियासिनामाइडच सर्वांत पुढे आहे. द्रव्य स्वतः दोषी नाही. पण आजीच्या पिढीला गोरेपणा म्हणून जे विकले तेच नातीला विज्ञान म्हणून विकले जात आहे, हे आईला ठाऊक असायला हवे.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९६० च्या सुमारास सौंदर्य आणि कातडीचा रंग या विषयावर एक निबंध लिहिला. गोरी कातडी सुंदर ठरली याचे कारण सौंदर्यात नसून राजकारणात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. गोऱ्यांनी जगावर राज्य केले म्हणून गोरेपण सुंदर ठरले; तसेच राज्य आफ्रिकेतील काळ्यांनी केले असते तर सौंदर्याच्या कसोट्याही वेगळ्या असत्या. आपल्या समाजात या राजकारणाला जातीची जोड आहे. रंग पाहून जात अजमावण्याची आणि जात पाहून रंगाचा अंदाज बांधण्याची खोड शिकल्या-सवरलेल्या घरांतूनही गेलेली नाही. पंढरीच्या काळ्या मूर्तीपुढे लोळण घेणारा हाच महाराष्ट्र घरी परतला की सुनेचा रंग विचारतो. त्वचेची निगा हा विषय अकरा वर्षांच्या मुलीपाशी येतो तो या साऱ्या वारशासह येतो. 'उन्हात खेळू नकोस, काळी पडशील' हे वाक्य तिने पहिल्या जाहिरातीच्या कितीतरी आधी ऐकलेले असते. त्या एका वाक्यापायी किती मुलींचे मैदान सुटले याची मोजदाद कोणी केलेली नाही.

येथे पुरोगामी म्हणवणाऱ्या कुटुंबांनीही आपले घर तपासून पाहिले पाहिजे. मोर्चात भांडवलशाहीचा धिक्कार करायचा आणि वधू पाहिजेच्या मजकुरात 'गोरी, सुस्वरूप' लिहायचे, ही विसंगती बाजाराने केव्हाच हेरली आहे. कंपन्यांनी वर्णभेद शोधून काढला नाही. तो त्यांना घरोघर तयार मिळाला. तान्ह्या मुलीला डाळीच्या पिठाने रगडताना तिचा रंग उजळावा ही इच्छा कोणत्या जाहिरातदाराने पेरली होती? म्हणूनच 'ही विलायती थेरं नकोत, आपले घरगुती बरे' हा परंपरावाद्यांचा तोडगाही स्वीकारता येत नाही. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून न्हाण्यातला आनंद जरूर घ्यावा. परंतु पुळ्यांवर लिंबाचा रस चोळणे, खाण्याचा सोडा लावणे, टूथपेस्टचा ठिपका देणे हे उपाय घरगुती असले तरी निर्धोक नाहीत. लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्या त्वचेवर चट्टे उठतात. डब्यावर 'आयुर्वेदिक' लिहिल्याने आतले द्रव्य आपोआप सात्त्विक होत नाही. बाजाराचा खोटेपणा उघड करताना आजीबाईच्या बटव्याला प्रश्नांतून सूट देणे ही विवेकाशी प्रतारणा आहे.

महागड्या बाटल्यांच्या खालच्या थरात जो बाजार चालतो तो तर सरळ प्राणाशी खेळतो. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून गोरेपणाच्या स्वस्त क्रीममध्ये तो घातला जातो. आणि त्वचेतून शिरून मूत्रपिंडे निकामी करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात आढळलेल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत एरवी विरळा आढळणारा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास मनाई आहे. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-गावच नसते तिला नियम कोण लावणार? दुसरा धोका स्टेरॉइडचा. खाज, नायटा, डाग, काळेपणा या साऱ्यांवर एकच ट्यूब देण्याची औषधविक्रेत्यांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. चेहरा चार दिवस उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात, आणि ट्यूब थांबवली की दाह दुपटीने उसळतो. अशाच मिश्र मलमांच्या बेसुमार वापरामुळे नायटा आज साध्या औषधांना दाद देईनासा झाला आहे. केंद्र सरकारने २०१८ साली अशी १४ स्टेरॉइड मलमे 'अनुसूची एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीवाचून ती विकता येऊ नयेत. कोणत्याही तालुक्याच्या गावी दुकानात उभे राहून पाहिले तर या आदेशाचे काय झाले ते कळते.

आणि या साऱ्या गदारोळात ज्या मुलींच्या त्वचेला खरोखर उपचार हवा आहे त्या दृष्टिआडच राहतात. आदिवासी भागातील आश्रमशाळा, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, शहरांतील झोपडपट्ट्या येथील दहा-अकरा वर्षांच्या मुलींचा त्वचेचा प्रश्न तेजाचा नाही. तो खरजेचा, नायट्याचा आणि उवांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले. तिच्यावर ५ टक्के परमेथ्रिनचे मलम हा ठाऊक असलेला, स्वस्त उपाय आहे. अट एवढीच की एका खोलीत झोपणाऱ्या सर्वांवर एकाच वेळी उपचार व्हावा, आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुतले जावे. त्यासाठी पाणी पाहिजे, वेगळा पंचा पाहिजे, दार लागणारे न्हाणीघर पाहिजे. ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत त्वचारोगांचा समावेश आहे. कार्यक्रम कागदावर चांगला आहे. परंतु तपासणारे पथक निघून गेल्यावर मुलीला त्याच ओल्या अंथरुणावर झोपावे लागत असेल, तर त्या तपासणीचा उपयोग काय? एकीकडे सहा बाटल्यांचा नित्यक्रम आणि दुसरीकडे अंघोळीला बादलीभर पाणी नाही: एकाच वयाच्या दोन मुलींमधील हे अंतर निसर्गाने निर्माण केलेले नाही.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की नटण्यामुरडण्यात मुलींना आनंद वाटतो, तो हिरावून घेणारे हे कोण सोवळे समाजसुधारक? आक्षेप ऐकून घेण्यासारखा आहे. मेंदी, गजरा, रंगीत बांगड्या, मैत्रिणींनी एकमेकींच्या घातलेल्या वेण्या यांत निर्मळ हौस असते आणि तिचा द्वेष करणारी समाजवादाची कल्पना दरिद्रीच म्हटली पाहिजे. पण हौस आणि भय यांत अंतर आहे. गजरा माळणारी मुलगी गजरा नसेल त्या दिवशी स्वतःला सदोष मानीत नाही. सीरम न लावता शाळेत जाण्याची जिला लाज वाटते, तिच्या बाबतीत हौसेची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतलेली असते. दुसरा आक्षेप निवडीच्या स्वातंत्र्याचा: बाजार केवळ वस्तू मांडतो, घ्यायची की नाही ते कुटुंबाने ठरवावे. हा युक्तिवाद दोन समान पक्षांमध्ये शोभतो. एका बाजूला मुलगी कोणत्या चित्रापाशी किती क्षण थांबली याची नोंद ठेवणारी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला अकरा वर्षांचे मूल, यांच्यातील व्यवहाराला करारस्वातंत्र्य म्हणणे म्हणजे गिरणीच्या मालकाने आणि बालमजुराने 'खुषीने' केलेल्या कराराचे समर्थन करणे होय. त्या कराराविरुद्ध समाजाने एकदा कायदा केलेला आहे.

असे कायदे येथेही शक्य आहेत, हे जगाने दाखवले आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास १९८० पासून मनाई आहे. एका खेळणी-कंपनीने तिला आव्हान दिले तेव्हा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ती मनाई उचलून धरली. स्वीडनने १९९१ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी जाहिराती बंद ठेवल्या. आपल्याकडेही कायद्यांचा दुष्काळ नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी हीन भाव निर्माण करील अशी जाहिरात करता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई केली आहे, आणि भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु त्याचे नियम अधिसूचित व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य बंधने लागू करण्यास आणखी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. गोरेपणाच्या जाहिरातींना १९५४ च्या जादूटोणा-औषधे कायद्याखाली आणण्याचा मसुदा आरोग्य मंत्रालयाने २०२० च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. पाच वर्षे उलटली तरी तो मसुदाच राहिला. दिरंगाईचाही कोणाला तरी लाभ होत असतोच.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मुलांना उद्देशून होणारी प्रसाधनांची जाहिरात, मग ती दूरचित्रवाणीवरची असो वा मुलांच्याच तोंडून वदवलेली चित्रफीत असो, बंद झाली पाहिजे. ज्या बाटलीत रेटिनॉल वा तीव्र आम्ल आहे तिच्यावर 'मुलांसाठी नाही' असे मोठ्या अक्षरांत मराठीत छापले पाहिजे. आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली नमुन्यांच्या पुड्या घेऊन शाळेच्या वर्गात शिरणाऱ्या कंपन्यांना शाळेने दार दाखवावे. ते शिक्षण शाळेतील शिक्षिकेने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने द्यावे. स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय देणाऱ्यावर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी. प्रत्येक आश्रमशाळेत आणि वसतिगृहात पाणी, साबण, मुलीगणिक पंचा आणि दार लागणारे न्हाणीघर असावे. सप्टेंबर २०२५ मध्ये अंगाच्या साबणाच्या वडीवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला हे ठीकच झाले. पण साबणाचा फेस व्हायला आधी नळाला पाणी यावे लागते.

सरकार जागे होईपर्यंत घराने थांबण्याचे कारण नाही. मुलगी 'माझ्या चेहऱ्याला काय लावू?' असे विचारत येईल त्या दिवशी तिला हसू नये, रागावू नये आणि लगेच दुकानातही नेऊ नये. तिच्या शरीरात काय घडते आहे ते तिला सांगावे. साबण, पाणी, पंचा आणि टोपी यांची रीत दाखवावी. तिने पाहिलेली चित्रफीत तिच्याच शेजारी बसून पाहावी आणि ती कोण बनवते, पैसे कोणाला मिळतात, हा हिशेब तिलाच मांडू द्यावा. अकरा वर्षांच्या मुलांना गणित येते. ती हा हिशेब वडीलधाऱ्यांपेक्षा लवकर करतात. तिच्या रंगाविषयी त्या घरात पुन्हा कोणी, लाडातसुद्धा, एक शब्द काढू नये. आणि मग तिला उन्हात खेळायला जाऊ द्यावे.